आईला पाणी खारं लागत होतं

भाऊ, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता शेजारीपाजारी तुमची कुणाला आठवणही नाही, आणि मेलेल्या बापावर रागावण्याचं माझं वयही राहिलेलं नाही. पण गेला आठवडाभर स्वयंपाकघरात त्या पाण्याच्या मशीनसमोर उभी राहिले की तुमच्याशी मनातल्या मनात भांडण सुरू होतं. भाजी फोडणीला टाकताना सुरू होतं, ती करपली की थांबतं. म्हणून आज लिहायलाच बसले.

आई माझ्याकडे धुळ्याला असते. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, जड आणि मचूळ. त्यामुळे ओट्यावर भिंतीला आरओचं मशीन लावलेलं आहे. तुमच्या वेळी घरात असलं काही नव्हतं. तुम्ही कारखान्यात ज्या मोठमोठ्या टाक्यांतून पाणी गाळायचात, तेच काम हा एवढासा डबा करतो. आत एक गुंडाळी असते, मेंब्रेन म्हणतात तिला, ती क्षार अडवते. उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीचा माणूस येऊन ती बदलून गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी आईनं पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. म्हणाली, "पानी खारं लागस."

ह्यांनी एक घोट घेऊन पाहिलं. "छे, चांगलं तर आहे. उलट आता किती भराभर भरतंय बघा! आधी तांब्या भरायला जीव जायचा." वाया जाणाऱ्या पाण्याची नळीसुद्धा आता बारीक वाहते, म्हणून हे खूशच होते. मी पण प्यायले. मला काही वेगळं वाटलं नाही. तरी कंपनीला फोन केला, कारण आई रोज म्हणत होती. तो माणूस आला, चप्पल दारात काढून सरळ ओट्यापाशी गेला आणि मशीनवरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, हिरवा आहे ना? मग पाणी ए-वन." आई दारातूनच म्हणाली, "दिवा हिरवा शे, पानी खारं शे." तो हसला. माझ्याकडे वळून, आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजींचं वय झालंय. वयानं जिभेची चव जाते. आमच्या आजीचं पण असंच होतं." आणि हे मान हलवून म्हणाले, "तेच मी सांगतोय."

भाऊ, त्या क्षणी मला तुमचा आवाज ऐकू आला. अगदी तुमचा. "तुला काय कळतं पाण्यातलं?"

आठवतं तुम्हाला? जळगावकडच्या त्या कारखान्याची कॉलनी, आपलं वरच्या मजल्यावरचं क्वार्टर, पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर लावलेली खिडकी. आई तेव्हा ऐन तरुण होती, दोंडाईच्याकडून आलेली, बोलायची ती फक्त अहिराणी. तुम्ही मात्र कॉलनीत आल्यावर साहेबांची मराठी बोलायला लागलात, आणि अहिराणी तुमच्या कानांवरून जायला लागली. आई म्हणाली, पाण्याला वास येस. तुम्ही जेवता जेवता मान वर न करता म्हणालात, "मी पाण्याच्या प्लांटवर आहे. रोज शंभरजण मला विचारून पाणी पितात. तुला काय कळतं पाण्यातलं?" आई दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तुम्ही बाटलीत पाणी भरून प्लांटवर नेलंत, पण ते नेलंत खालच्या नळाचं, जो सरळ मोठ्या लाइनवर होता. तपासून आलात आणि ओट्यावर बाटली आपटून म्हणालात, "बघ, स्वच्छ."  मग आई खालून कळशी आणायला लागली, जिना चढून, कडेवर धाकट्याला घेऊन. तुम्ही म्हणायचात, हट्टी आहे.

मग एका रविवारी वरचा नळ बंदच पडला म्हणून तुम्ही गच्चीवर चढलात. आपल्या नळाला पाणी देणाऱ्या टाकीचं झाकण फुटलेलं, आत कबूतर मरून पडलेलं. तुम्ही दोर आणि बादली घेऊन दुपारभर टाकी उपसलीत, स्वतः आत उतरून ब्रशने घासलीत, हे मी नाकारत नाही. पण संध्याकाळी शेजारचे चारजण खाटेवर बसले होते आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, "मला आधीपासूनच शंका होती." आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी म्हणाले, "शंका आईला होती!" तुम्ही म्हणालात, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको." सगळे हसले. आईनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही.

आणि तुम्ही काही वाईट बाप होतात असंही नाही, म्हणून तर जास्त राग येतो. मला सुटीच्या दिवशी प्लांटवर न्यायचात. काचेच्या चंबूत पाणी घेऊन त्यात थेंब टाकलात की ते वाइनसारखं लाल व्हायचं आणि मग बुरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडता सोडता एकदम निळं. माझे डोळे मोठे झालेले पाहून तुम्ही मलाच त्या नळीची तोटी फिरवायला द्यायचात. दहावी झाले तेव्हा इतर पोरींना बापांनी घड्याळं घेतली, तुम्ही मला पाना घेतलात, निळ्या मुठीचा. मुलीला पाना देणारा बाप सबंध कॉलनीत दुसरा नव्हता. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं ते त्या लाल-निळ्या पाण्यामुळेच. मुलीच्या हातात पाना द्यायला तुम्हाला काही वाटलं नाही, मग बायकोच्या जिभेवर विश्वास ठेवायला काय जड जात होतं?

इकडे आई पाणी कमी करत गेली. भांडली नाही, रुसली नाही, नुसती एकेक घोट घेऊन पेला बाजूला ठेवायची. बाहेर धुळ्याचा उन्हाळा. एका सकाळी न्हाणीघरातून निघताना तिला चक्कर आली, दाराची चौकट धरूनच खाली बसली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई मलाच रागावल्या, "घरात माणसं असून यांच्या पोटात पाणी जात नाही? किती वाळल्यात बघा." दुपारी मी खालच्या दुकानातून पाण्याची बाटली आणली. आईनं पेला तोंडाला लावला, थांबली, आणि सगळा संपवला. मग दुसरा मागितला. पेला हातात तसाच धरून म्हणाली, "हाई पानी गोड शे. मनी जीभ काय मरी नही गई."

मी कॉटच्या कडेला बसून तिचा पेला पुन्हा भरला. मला भयंकर संताप आला होता.

आईला घरी आणल्यावर मी पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर विकत आणला. बोअरच्या नळाचं पाणी मोजलं, मग मशीनचं. मशीनचा आकडा नळाच्या दहाव्या हिश्शाइतका हवा, तो निघाला निम्मा. म्हणजे हिरवा दिवा दाखवत होता ते फक्त वीज चालू आहे एवढंच! मग तुम्ही शिकवलेलं तसंच केलं. आधी सगळ्यात सोपं बघायचं. न गाळलेलं, कच्चं पाणी मिसळायचा एक स्क्रू असतो, तो पूर्ण बंद केला, टाकी रिकामी केली, पुन्हा भरू दिली. आकडा तोच. म्हणजे दोष मेंब्रेनमध्ये, नाहीतर ती बसवण्यात. पाणी एवढं भराभर का येतंय तेही तेव्हा कळलं. प्लांटवर तुम्हीच म्हणायचात, गाळलेलं पाणी घाई करायला लागलं की समजायचं, त्याला चोरवाट सापडलीय.

नळ बंद केला, प्लग काढला. हे म्हणाले, "अगं, माणूस बोलाव, बिघडवशील." मी म्हणाले, "माणसानंच बिघडवलंय." तुमचा पाना मोठा पडला. मशीनमागे एक प्लास्टिकची चावी चिकटवलेली होती, तिनं मेंब्रेनच्या नळकांड्याचं झाकण फिरवलं. मेंब्रेन ओढून काढली. तिच्या टोकाला दोन काळ्या रबरी रिंगा असायला हव्यात, त्या पाणी घट्ट धरतात. एक होती ती दुमडून चिरलेली. दुसरी नव्हतीच. त्या चिरेतून कच्चं पाणी सरळ स्वच्छ पाण्यात जात होतं, आणि आई ते सांगत होती. कितीतरी आठवडे सांगत होती.

त्या माणसाला मी पुन्हा बोलावलं. ओट्यावर दोन पेले, मीटर आणि ती चिरलेली रिंग मांडून ठेवली. त्यानं पाहिलं, चेहरा उतरला. "राहून गेलं असेल, मॅडम. सॉरी."

"मला नाही. आत आहेत त्यांना सांगा. ज्यांच्या जिभेची चव गेलीय, त्यांना."

तो आत गेला. आई पलंगावर लसूण सोलत बसली होती. तो म्हणाला, "आजी, चूक झाली. तुमचं बरोबर होतं." आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "चहा पीस का?" मला वाटलं, आता मी भिंतीवर डोकं आपटीन. तो गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला राग नाही येत?" ती म्हणाली, "राग कसाना? त्यानी सांगं तरी. तुना भाऊ तर मरेपर्यंत बोलनात नही." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

म्हणजे तिला आठवत होतं, भाऊ. सगळं. तुम्हाला वाटलं असेल की विसरली.

नव्या रिंगा बसल्यावर पाणी पुन्हा बारीक धारेनं येतं, हे कुरकुरतात, आई पेला संपवते. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. आईलाही वाचून दाखवणार नाही, तिला तुमच्याबद्दल इतकं बोललेलं आवडणार नाही. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. रिंगा बदलायच्या आधी मी जुनं पाणी एका बाटलीत भरून ठेवलं होतं. काल घरात कुणी नसताना दोन पेल्यांत दोन्ही पाणी घेतलं, डोळे मिटून पेले फिरवले आणि प्यायले. पुन्हा प्यायले. मला फरक कळला नाही. शेवटी खारा पेला कुठला ते मीटर बुडवूनच बघावं लागलं.