सरदार शेवटी आत येतो

चेरीताल, शनिवार संध्याकाळ

पाच वाजता नातीचा, सईचा, फोन. भेडाघाटला सहलीची बस उभी आहे, वर्गातली एक मुलगी सापडून नाही राहिली. ही मॉनिटर, म्हणून हीसुद्धा शोधून राहिली. म्हटलं, ते बाईंचं काम आहे, तू काहून धबधब्यापाशी फिरतेस? गुमान बसमध्ये बस.

"आजोबा, आप ही तर बोलले ना, सरदार शेवटी आत येतो. सब आ जाएँ, मग मी चढते."

मग फोन लागलाच नाही.

पोवाड्यातलं होतं ते. मॉनिटर झाली तेव्हा मीच ऐकवलं. सातवी शिकलेल्यानं कशाला शहाणपण सांगावं? पोवाड्यात गडाचं दार असते, तिकडे भेडाघाटला ओले दगड आहेत. मी दारातच उभा. सून म्हणे, आत बसा. कसा बसणार?

सात वाजता आली. ती मुलगी संडासात अडकली होती, कडी निघेना म्हणे. हिनंच हाका मारत शोधली. मी रागवायला तोंड उघडलं, तर ही दार धरून उभी.

"चलो आजोबा, आधी तुम्ही."

गेलो आत. करतो काय.