वीज गेली होती, असं लिही

चाचक, रविवार, जेवणानंतर

प्रिय मिलोयेदादा,

आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि तिकडे स्टुटगार्टात तू, वहिनी नि पोरंही तशीच असाल असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना म्हणावं, पाठवलेली कॉफी पोचली. तिची पुडी माझ्या राडोयकानं कपाटात इतकी खोल लपवली आहे की आता तिलाही सापडत नाही. बाळ झकास आहे. रडताना तिचा चेहरा थेट तुझ्यासारखा होतो, पण ती मोठी झाल्यावर सुधारेल असं माझ्या सासूबाई म्हणतात.

आता मुद्द्याचं. मागल्या उन्हाळ्यात पोराच्या उशीखाली दडवून तू सरहद्दीवरून जो रबरी बटणांचा काळा कॉम्प्युटर आणलास, त्यानं या घरात काय केलं ते तुला सांगायलाच हवं. सुरुवातीला तो निरुपद्रवी होता. टीव्हीला जोडला की पांढरा पडदा दाखवायचा, आणि मी पाहुण्यांना सांगायचो की हे भविष्य आहे. पण इथे एक रेडिओ कार्यक्रम सुरू झालाय, त्यात कॉम्प्युटरचे खेळ हवेतून पाठवतात. निवेदक म्हणतो, ‘कॅसेट तयार ठेवा,’ आणि मग कितीतरी वेळ नुसतं कर्रर्र कर्रर्र ऐकू येतं. ते टेप करायचं आणि कॉम्प्युटरला ऐकवायचं, की खेळ हजर. टेप वायरीनं जोडलेला असतो, त्यामुळे घरातल्या आवाजाचा काही संबंध नसतो, हे मला नंतर कळलं. तोवर मी सासूबाईंना खोकायची बंदी घातली होती आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना गालिचा झोडपू नका म्हणून ओरडून आलो होतो. (ती कॅसेट कुठली होती ते विचारू नकोस. तुझ्या लग्नातला अ‍ॅकॉर्डियन दुसऱ्या बाजूला अजून शाबूत आहे.)

तर हवेतून आली ती मोटारींची शर्यत. साधीसुधी नव्हे, दमसासाची. सकाळी निघायचं, बर्फातून जायचं, संध्याकाळ, अंधार, धुकं, की पुन्हा पहाट. तेवढ्यात ठरावीक गाड्या मागे टाकल्या तर पुढचा दिवस मिळतो, नाहीतर खेळ संपला. अर्थात हे सगळं पडद्यावरचं. इकडे टेबलावर डुकराचं भाजलेलं मांस निवलेलंही नसतं. मला वाटलं, हा खेळ माझ्यासाठीच बनवलाय. अर्ध्या चाचकाला गाडी मी शिकवली. ज्यांना मी पास केलं ते अजून जिवंत आहेत, आणि ज्यांना त्यांनी धडक दिली त्यांतलेही बरेचसे.

आता यात बाळाचा काय संबंध, म्हणशील. तू इतकी वर्षं जर्मनांत काढलीस, विसरला असशील म्हणून आठवण करून देतो, की आपल्याकडे पोराचं नाव बाप ठेवत नाही. लग्नात साक्षीला उभा राहिलेला कूम ठेवतो, आणि ते चर्चमध्ये पाद्र्यापुढे उच्चारलं की बापानं मान डोलवायची. माझा कूम म्हणजे आपला तिहोमिर. माणूस सोन्यासारखा, पण वीजमंडळात आहे, आणि त्याचं कामावर फार प्रेम आहे. त्यानं याआधी जिचं नाव ठेवलं ती मुलगी तुर्बिना, म्हणजे वीज बनवणारं टर्बाइन. यंदा शाळेत जाते. पोरं तिच्या मागे तोंडानं घरघर आवाज काढत पळतात.

मला आईचं नाव हवं होतं, दादा. कोसारा. आई गेल्यापासून या घरात ते नाव घेऊन कुणी मोठ्यानं हाक मारलेली नाही, आणि मला ते पुन्हा ऐकायचं होतं. पण कुमाला सुचवणं म्हणजे त्याच्या हक्कावर पाय देणं. म्हणून मी (मला हे फार चतुर वाटलं होतं) बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी त्याला जेवायला बोलावलं, रकीचे दोन पेले पाजले, आणि म्हटलं, बघ कुमा, शर्यत लावू. जो जास्त टिकेल त्याच्या मनातलं नाव. तो रिकामा पेला बाजूला सारून म्हणाला, लाव.

तिहोमिर कसा गाडी चालवतो ते तुला माहीत आहे. परीक्षेच्या दिवशी त्यानं बाजारातला कोबीचा ढीग सपाट केला होता. पडद्यावरही तेच. तो आदळायचा, हसायचा, पुन्हा निघायचा, आणि दुसऱ्या पहाटेच्या अगदी जवळ जाऊन पडला. मग मी बसलो. दादा, मी सुंदर चालवली. बर्फात वेग कमी केला, वळणांवर जपून गेलो, एकदोनदा तर सवयीनं वळण्याआधी हातही बाहेर काढला. (सासूबाईंच्या कॉफीचा कप त्यात गेला.) दुसरी संध्याकाळ झाली, धुकं उतरलं, तिहोमिर जिथे पडला होता ते ठिकाण मागे पडायला आलं. पडद्याच्या कडेला पहाट फुटत होती. मला वाटलं, आई, आलोच.

आणि समोरच्या धुक्यातून एकाएकी एक गाडी आली.

इथे माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर स्वतःलाही सांगितली नव्हती. मी गाडी चालवत नाही. कित्येक वर्षांत चालवलेली नाही. मी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतो, आणि माझ्या बाजूला फक्त एकच गोष्ट असते, जादा ब्रेक. माझं सगळं कौशल्य उजव्या पायात आहे, आणि ते थांबवण्याचं आहे. तर ती गाडी दिसली आणि माझा पाय कुणालाही न विचारता टेबलाखाली खाडकन आपटला. खाली एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्याला एक छान मोठं लाल बटण आहे.

टीव्ही काळा झाला. कॉम्प्युटर मेला. पहाट, धुकं, आई, सगळं गेलं.

मी ताबडतोब म्हणालो, वीज गेली. हल्ली आळीपाळीनं वीज तोडतात, तेव्हा हे सहज खपलं असतं. पण डोक्यावर दिवा जळत होता.

“वीज गेली, मग फ्रीज कशावर घुरघुरतोय?” राडोयकानं विचारलं.

सासूबाई वाकून टेबलाखाली बघायला लागल्या. मी पाय तसाच बटणावर ठेवून बसलो होतो, कारण उचलला असता तर बंद झालेलं लाल बटण त्यांना दिसलं असतं. तेवढ्यात तिहोमिर उठला, खिडकीशी गेला, गल्लीकडे गंभीरपणे बघून म्हणाला, “गेली होती. मी मंडळात आहे, मला माहीत.”

“फक्त टेबलाखालची?” सासूबाई म्हणाल्या.

“असं होतं कधीकधी,” तो म्हणाला, आणि चमचाभर मुरंबा तोंडात टाकला.

शर्यत निकाली निघालीच नाही असं ठरलं. म्हणजे नाव ठेवायचा हक्क जिथल्या तिथे राहिला, कुमाकडे. तो आठवडा मी कसा काढला विचारू नकोस. शिकाऊ पोरी चालवत असताना भर चौकात ब्रेक मारत होतो. डोळे मिटले की कानात घरघर ऐकू यायची.

आज सकाळी चर्चमध्ये पाद्र्यानं नाव विचारलं. तिहोमिरनं बाळाला नीट उचलून धरलं, घसा साफ केला आणि म्हणाला, कोसारा.

मी रडलो. मेणबत्तीचा धूर डोळ्यांत गेला असं सांगितलंय, पण तुला काय सांगायचं. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? माझी आई दोन पाळ्या करायची. शाळेतून आलो की तुझी आई पावाला चरबी फासून, वर लाल तिखट भुरभुरून द्यायची. तुझा नि माझा तुकडा सारखाच जाड. ही जन्मली तेव्हाच माझं ठरलं होतं.”

“मग शर्यत कशाला खेळलास?”

“तू लावलीस म्हणून,” तो म्हणाला. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

तेव्हा दादा, तुझा भाऊ हा असा आहे. जे नुसतं विचारून मिळालं असतं, त्यासाठी त्यानं घरभर खोकल्याला बंदी घातली, आणि हातातोंडाशी आलं तेव्हा ब्रेक दाबला. आता पाळण्याकडून हाक ऐकू येते, “कोसारा, गप गं,” आणि मी दर वेळी दचकून खुर्चीत ताठ बसतो.

सगळ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
ओब्राद

ता. क. राडोयका म्हणते, नाव चांगलं आहे. या नावाच्या सासूशी सहा वर्षं जमवून घेतलं, आता दुसऱ्यांदा जमवू.

ता. क. तिहोमिर पुढल्या रविवारी पुन्हा खेळायला येतोय. या वेळी कशावरही पैज नाही. तू उन्हाळ्यात येताना बटण नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन ये. जर्मनीत मिळत असेल.

ता. क. हे पत्र वाचलंस की फाडून टाक. पण उत्तर सावकाश आणि ठळक अक्षरांत लिही, कारण तुझी पत्रं इथे सासूबाई चष्मा लावून सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचतात. ऐन पहाटे वीज गेली हे ऐकून तुला किती वाईट वाटलं, तेवढं त्यात नक्की लिही.