बाई कोपऱ्यात बसल्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून फोनवर त्यांच्या आधी तोच बोलतो? इकडे सगळे मजेत. दादाची खुशाली मात्र लिहीत नाही. माझ्या लग्नापासून तू ती विचारलेली नाहीस, मग मी कशाला आगाऊपणा करू?

तर, यंदा पहिलीच्या पोरांना शांतीचे धडे देण्याचं काम शाळेने माझ्या गळ्यात घातलं. (कारण काय, तर मी कुणाशी भांडत नाही. हे ऐकून तुझी भावजय इतकी हसली, की तिला ठसका लागला.) मी वर्गाच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, दोन उशा ठेवल्या आणि नियम केला: जे भांडतील त्यांनी तिथं बसायचं, आणि समोरच्याला कशाचा राग आलाय ते आपल्या तोंडाने सांगायचं. तो "हो, अस्संच" म्हणाला की सुटका. झालं! भांडणं दुप्पट झाली. त्या खिडकीतून बांधकामावरची क्रेन दिसते ना! हातात हात घालून जोड्या यायच्या आणि आनंदाने सांगायच्या, "सर, आमचं भांडण झालंय!"

मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या आल्या कोपरा गुंडाळायला. पोरं क्रेनसाठी का होईना, रागावलेल्याचं ऐकायला शिकत होती. मला ते मोडू द्यायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, हा पोरखेळ आहे. मी म्हणालो, पहिलीत दुसरं काय खेळणार? आवाज चढले. तेवढ्यात समोरचे दोन दात पडलेली आमची एक भवानी उठली, तिने बाईंचं बोट धरलं आणि म्हणाली, "चला, दोघं कोपऱ्यात." बाई बसल्या. मीही बसलो. भोवती अख्खा वर्ग न्यायाधीश. बाईंना माझा राग पहिल्याच खेपेला बरोबर सांगता आला. मी मात्र नापास! "बाईंना शिस्त हवीय." बाई म्हणाल्या, नाही. "बाईंना उशा आवडल्या नाहीत." पोरं ओरडली, "सर, नीट ऐका ना!" मग ऐकलं. म्हणालो, "मी बाईंना न विचारता सगळं ठरवलं, त्याचं त्यांना वाईट वाटलं." बाई "हो, अस्संच" म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मला लाज वाटली, आणि खरं सांगू, फार बरंही वाटलं. कोपरा राहिला. आता मधल्या सुट्टीत बाईही क्रेन बघायला येतात.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी जेवायला ये. दादाही येतोय. माझ्या लग्नाच्या फोटोत मधोमध कोणी उभं राहायचं, यावरून तुम्ही अबोला धरलात. त्या फोटोत नवरा-नवरी शोधावे लागतात, तरी आम्ही दोघं बोलतोय की नाही?

आणखी एक : हेच पत्र मी आधी त्याला धाडलं होतं, फक्त वरची खुशाली बदलून आणि "ताई"च्या जागी "दादा", "दादा"च्या जागी "ताई" घालून. त्याने लगेच हो म्हटलं. अट एकच, हो आधी त्याने म्हटलं हे तुला कळता कामा नये.