जार पडेपर्यंत

२ फेब्रु.
अजून विश्वास बसत नाही. मोरणी गाभण आहे! परवाच डाळजच्या वरातीत डीजेपुढं मागच्या पायांवर उभी राहून नाचली, पाठीवर चांगला गरगरीत नवरदेव. पाय दुखावला म्हणून डॉ. बोलावले, तर ते पोट चाचपून म्हणाले, दिवस भरत आलेत. दिवाळीत घोडी घेतली तेव्हा विकणारा बोलला नाही, आणि आम्ही शहाणे हिचं पोट बघून म्हणतोय, आमच्या पिंपळीचा मका मानवला हिला. मला सातव्या महिन्यात कुणी हंडा उचलू दिला नव्हता. हिनं अख्खी लग्नसराई ओढली. लाज वाटली.
पुढच्या सगळ्या सुपाऱ्या परत करायला लावल्या. हे कुरकुरले, पण केल्या.

१९ फेब्रु.
सकाळी शेडात गेले तर शिंगरू! ओलं, नुसते पायच पाय. मादी. तात्या (सासरे असून माझ्याआधी नाचले) जन्मभर गायींत राबलेले. त्यांनी उचलून तिला वासरांच्या खोपीत बांधलं. जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. पाजला की जार अडकतो म्हणे. मीही या घरात तेच शिकले.
मोरणी दिवसभर खिंकाळत होती, पत्र्याला लाथा मारत होती. दुपार कलली तरी जार लोंबतोय तसाच. शिंगराचा आवाज बंद. मग मात्र डॉ.ना फोन केला.
आल्या आल्या त्यांनी विचारलं, दूध किती वेळा प्यालं?
तात्या म्हणाले, "जार पडल्याबिगर कसं पाजायचं?"
डॉ. आधी शिंगराकडं धावले. मग म्हणाले, "तात्या, पिल्लू प्यायलं की जार सुटायला मदत होते. तुम्ही उलटं केलंत."
शिंगरू आडवं पडलेलं, चोखायचं त्राण नाही. मोरणीचा चीक काढून नळीनं पोटात सोडला.

२० फेब्रु.
इंजेक्शनांनी जार पडला. मोरणी वाचेल. शिंगराचं सांगता येत नाही. चिकातली ताकद पहिल्या काही तासांतच अंगात उतरते, नंतर कितीही पाजा. डॉ. इंदापूरच्या एका घोड्याचं रक्त आणून त्यातला प्लाझ्मा चढवणारेत. घोड्याचाही प्लाझ्मा असतो हे आज कळलं.

२३ फेब्रु.
प्लाझ्मा चढवला, तरी ताप. मागच्या पायाचा सांधा सुजलाय. दोघांनी धरून उभी करतो. थानाला लागली की शेपूट हलवते, मला बघवत नाही.
तात्यांनी आज डॉ.ना विचारलं, "गायीलाबी असंच असतंय व्हय?" डॉ. औषध भरता भरता सहज म्हणाले, हो, वासरू जन्मलं की लगेच पाजायचं, जार पडो न पडो. तात्या दुपारी जेवले नाहीत.
संध्याकाळी मी धार काढत होते, तर शेजारी येऊन उभे.
"सुनंदा, आपली किती वासरं हगवणीनं गेली गं?"
थान हातातून सुटलं. इतकी वर्षं नशीब म्हणायचो, बांधाला पुरायचो. मी म्हणाले, आठवत नाही तात्या. मला एकूण एक आठवतंय.
ते शेडात गेले आणि शिंगराला धरून थानाला लावत बसले. ताप उतरलेला नाही.