खांदा झुकल्यावर

४ फेब्रुवारी, बुधवार
रविवारच्या फायनलला अंपायर मी! आणि स्लिपमध्ये आमचे धाकटे बंधुराज. निवड समितीचे साहेब खास त्याला बघायला येणार. त्यांनी कारखान्याच्या टीममध्ये घेतला की तिथेच कायमची नोकरी. आईचे पाय जमिनीवर नाहीत. "तुझ्या नशिबी नव्हतं, त्याच्या तरी आहे" — हे मला, ताटात वाढताना. चौदा वर्षं त्याच मैदानावर मी झिजलो, ते गेलं चुलीत.

५ फेब्रुवारी
नियमांचं पुस्तक काढलं. चेंडू बॅट्समनपर्यंत पोचायच्या आत फील्डरने जागा सोडून पळायचं नाही. पळाला तर डेड बॉल, वर समोरच्यांना पाच रन. पण पुढे असंही आहे — बॅट्समन कुठला फटका मारतोय ते बघून हलला, तर चालतं. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. बाजूला लिहिलं, "हे कुणी वाचत नाही."

धाकट्याची सगळी करामत त्यातच. समोरच्याचा खांदा झुकला की हा निघाला! शिकवलं कुणी? मीच.

७ फेब्रुवारी
बूट पॉलिश करत बसलाय. माझेही केले. लोचट!

८ फेब्रुवारी, रविवार
केलं.

शेवटची जोडी, त्यांना चार रन हवे. बॅट्समन स्वीपला वाकला, खांदा झुकला — मी स्वच्छ पाहिलं — आणि मगच धाकटा निघाला. कीपरच्या मागून पळत पलीकडे गेला आणि झेप घेऊन झेल! असला झेल मी जन्मात पाहिला नाही. पोरं त्याच्या अंगावर पडली. मी थांबलो. होऊ दे अजून थोडा आनंद, म्हटलं. मग "डेड बॉल!" आणि पाच रन. मॅच खलास.

कॅप्टन माझ्या अंगावर धावून आला. धाकट्यानेच त्याला अडवलं. "दादा खोटं बोलायचा नाही. मीच आधी हललो असेन." मला हसू आवरेना! साहेब वही मिटून उठले. जाताना मला म्हणाले, "सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत. आमच्या अंपायर पॅनेलवर या." छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू.

१० फेब्रुवारी
आई जेवली नाही. धाकट्याने पुस्तक मागितलं. "नियम पाठच करतो, दादा. परत तुला मान खाली घालायला लावणार नाही." घे, म्हटलं. कर पाठ!

११ फेब्रुवारी
दुपारी कामावर, मशीनपाशी उभा असताना ती रेघ आठवली. आणि बाजूला लिहिलेलं!

१२ फेब्रुवारी
पुस्तक जागेवर. माझ्या ओळीखाली त्याचं अक्षर — "मी वाचलं."

माझे बूट पॉलिश करत होता. वर न बघता म्हणाला, "आता दर रविवारी तुझ्या मॅचला येणार. तुझ्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसणार. बोलणार काही नाही."