नेवार्कला अडकलेले छोटे शर्ट

प्रिय अहो,

हसू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही समोरच असायचात, नसलात तर फोन होता. आता दोन्ही नाही. आणि उद्या सकाळी नचिकेत येतोय, माझी सही घ्यायला. मग कोणाशी बोलू मी? अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरमध्ये आपल्या माणसांना तोटा नाही, पण पोटच्या पोराची गोष्ट चार घरांत सांगवत नाही.

तुम्ही गेल्यानंतरची भानगड आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. नचिकेतचा कंटेनर नेवार्कच्या बंदरात अडकलाय. त्याने इथे विकायला मागवलेले लहान मुलांचे शर्ट, फ्रॉक, झबली. कस्टम्सवाल्यांनी त्यातले काही कपडे तपासायला पाठवले आणि रिपोर्ट आला, की कापूस तिकडचा आहे. तिकडचा म्हणजे कुठला, हे तुम्हाला का सांगायला हवं! जिथे सरकारच घराघरांत माणसं पाठवतं आणि लोकांना कापूस वेचायला, गिरणीत राबायला घेऊन जातं, तिकडचा. तो कापूस ओळखण्यात तुम्ही लॅबमधल्या नोकरीची शेवटची सगळी वर्षं घालवलीत, आणि तो निघाला कुठे? तुमच्याच मुलाच्या मालात! कपाळावर हात मारून घेतला मी.

आता दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे सगळा माल नष्ट करायचा. नचिकेत म्हणतो, मग धंदा संपलाच. दुसरा म्हणजे माल इथे उतरवायचाच नाही, परस्पर दुसऱ्या देशात पाठवायचा, जिथे असलं काही कोणी विचारत नाही. कायद्याने चालतं म्हणे. त्यासाठी दोन्ही पार्टनरच्या सह्या लागतात. आणि दुसरी पार्टनर कोण? मी! "मालकीणबाई, करा इथे सही" असं म्हणत हौसेने माझं नाव त्याच्या धंद्यात तुम्हीच घातलं होतंत ना? घ्या आता. तुम्ही सुटलात आणि हे माझ्या गळ्यात पडलं.

तुमच्या त्या वेडापायी किती तमाशे झाले हो आपल्या घरात! नचिकेतच्या लग्नात व्याह्यांनी तुम्हाला आहेराचा शर्ट दिला. माणूस असा शर्ट एकतर घालतो, नाहीतर कपाटात ठेवतो. तुम्ही हॉलच्या कोपऱ्यात जाऊन, माझ्याच पर्समधली कात्री घेऊन, त्याची आतली शिवण उसवलीत आणि धागे पाकिटात टाकलेत. विहीणबाईंनी नेमकं पाहिलं. मला हळूच विचारतात, "साइज चुकला का हो?" मी काय सांगणार होते? की ह्यांना तुमच्या शर्टाची कुंडली मांडायचीय? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी आल्यावर मी तुमच्याशी बोलत नव्हते, तर तुम्ही उलट मलाच शिकवत बसलात, की कापूस ज्या पाण्यावर वाढतो त्या पाण्याची खूण त्यात राहते, मशीनमध्ये घातला की कळतं. लेबल काय, कोणीही छापतं.

इचलकरंजीत सुताचे भाव बघण्यात हयात गेली असती तुमची. इथे येऊन हे कुठून शिरलं डोक्यात, ते मला कधी कळलं नाही. फक्त आयगुल जेवायला आली तो दिवस सोडून.

तुम्ही जिनिव्हाला त्या सक्तीच्या मजुरीवरच्या परिषदेला गेला होतात, तिथे ती बोलली होती, तिकडचीच ती. पुढे अमेरिकेत आली, तुमच्या लॅबमध्ये लोकांना भेटायला आली, आणि तुम्ही मला न विचारता तिला घरी घेऊन आलात. घरात फक्त वरणभात आणि बटाट्याची भाजी! पण बाई किती आवडीने जेवली. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होती. गावचा अधिकारी घरी यायचा, बसायचा, चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी परत यायचा. मग आणखी दोघांना घेऊन यायचा. शेवटी तिने लहान मुलगा आईपाशी ठेवला आणि ती बसमध्ये चढली. कागदावर काय, तर नोकरी मिळाली. तुम्ही विचारलंत, "तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?" ती चक्क हसली. म्हणाली, "मला कोणी विचारलंच नव्हतं. मग नाही कोणाला म्हणणार?"

तो मुलगा अजून तिकडेच आहे. "आता त्याचा आवाज बदलला असेल," असं म्हणाली आणि भात कालवत राहिली. तुम्ही पानावरून उठून गॅरेजमध्ये गेलात. मी मागून आले तर तुम्ही तिथे नुसते उभे होतात. तुम्हाला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

जिनिव्हाहून आलात तेव्हाही किती वैतागला होतात! म्हणालात, एका देशाने दार लावून काय होणार, माल शेजारच्या दारातून आत येतो. सगळ्यांनी एकदम लावायला हवीत. पण तिथे सगळे पंगतीतल्यासारखे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसलेत. आणि आता तर काय, तुमच्या लॅबने तो विभागच बंद केला. कंपन्या विचारेनाशा झाल्या म्हणे. बरं झालं तुम्ही बघायला नाही आहात. नाही हो, बरं कसलं झालं! काहीतरीच लिहिते मी.

पण एक विचारू? हे सगळं तुम्ही मुलाला कधी समोर बसवून सांगितलंत का? आयगुल येऊन गेली, त्याला सांगितलंत? जगाला जाऊन सांगितलंत आणि घरात नुसतं "प्रत्येक लॉट टेस्ट कर." तो करत होता. तुम्ही होतात तोवर प्रत्येक लॉटचं सॅम्पल आपल्या डायनिंग टेबलवर येत होतं. तुम्ही गेलात आणि त्याने सप्लायरच्या कागदावर विश्वास ठेवला. कागदावर कापूस भलत्याच देशातला होता. त्याला तरी किती बोलणार?

रविवारी येऊन बसला होता. डोळे खोल गेलेत त्याचे. मी पोहे केले, तर बशी तशीच.

"आई, इट्स कम्प्लीटली लीगल," म्हणाला.

"अरे, पण जाणार कुठे ते शर्ट?"

"आय डोन्ट नो. समवेअर एल्स. एजंट बायर शोधेल."

"म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मुलं घालणार."

"आई, शर्ट ऑलरेडी बनलेत! ते जाळून कोणाला काय मिळणार? मी कोणाला फोर्स केलं नाही. मला माहीतही नव्हतं."

तेव्हा मी त्याला आयगुलचं सांगितलं, पहिल्यांदाच. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी हे जाळलं तर तिचा मुलगा तिला भेटेल?"

तुमच्याकडे आहे का याचं उत्तर? खरं सांगा. नाही भेटणार. हा कंटेनर जळला तर दुसरा निघेल. तिकडचा अधिकारी उद्याही कोणाच्या तरी घरी चहा पीत बसेल. हे मला कळत नाही असं नाही.

पण मग वाटतं, या घराने तरी हातभार का लावावा? आयगुलला आपण पानावर बसवून जेवू घातलं. तिच्या गावचं सूत मी सही करून पुढच्या देशात विकायचं? नाही हो. नाही जमणार मला.

रविवारी तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं. "बाबा असते तर..." एवढं म्हणाले आणि तो एकदम ओरडला, "प्लीज, आई! डोन्ट यूज बाबा." मग रडायलाच लागला. एवढा बाप्या माणूस, टेबलावर डोकं टेकून! तुमचा तो राखाडी स्वेटर त्याने ऑफिसच्या खुर्चीवर टाकून ठेवलाय, सून सांगत होती. धुवूही देत नाही म्हणे.

उद्या तो येईल, कागद ठेवेल, आणि मी सही करणार नाही. ठरलंय माझं. धंदा बुडेल. तो उठून जाईल. सूनही फोन करणार नाही बहुतेक, आणि तिचं तरी काय चुकलं? आपल्या नातीला, ईराला, शनिवारी इथे सोडतात, तेही बंद होईल. अहो, मला भीती वाटते. तुम्ही गेल्यापासून या घरात शनिवार सोडला तर आवाज असतो कुठे?

तुम्हाला एक वचन देते, आणि ते पाळीन. "बाबांना हे चाललं नसतं" असं मी उद्या म्हणणार नाही. म्हटलं तर किती सोपं होईल! तुमचं नाव काढलं की तो गप्प बसेल, ऐकेलही. पण मग आयुष्यभर तुमच्यावर धुमसेल. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, माफही करता येत नाही. माझ्याशी भांडता येईल. मी सांगेन, तुझ्या बाबांचा यात काही संबंध नाही, मलाच हे नको आहे. त्याला मी हट्टी वाटेन, दुष्ट वाटेन. वाटू दे. बाप त्याचा त्याच्यापाशी राहू दे. आई राहते की नाही, ते उद्या कळेल.

तुमची,
विजया