बर्फाखालची फळी

प्रिय एन्ड्रियुस,

यंदा आपली खाडी चक्क गोठली. गेले काही हिवाळे नुसता चिखल होता. या आठवड्यात मात्र बर्फावरून गाडी जाईल म्हणतात. मी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. पहार घेऊन गेले, ठोकून पाहिलं. पक्का आहे. दुसरी बातमी म्हणजे, माझ्या योकुबासचं मासेमारीचं सामान संग्रहालयाला हवंय. तो गेल्यापासून सगळं छपरीत पडलं आहे. रविवारी त्यांची माणसं न्यायला येतील. द्यायचं की ठेवायचं, हे तोवर मला ठरवायचं आहे.

पाहणीला एक मुलगी आली होती. शिकलेली, गोड, पायात पातळ बूट. लोकरीच्या नमद्याचे जुने बूट, घरी विणलेली जाळी, लाकडी घसरगाडी, सगळ्याचे फोटो काढले. मग मोगऱ्या उचलून म्हणाली, "आजी, तुम्ही ह्या मोगऱ्यांनी कपडे धुवायचात का?" मी म्हटलं, "हो बाई, माशांचे." बिचारी लिहूनच घेत होती, तेव्हा थांबवून खरं सांगितलं: बर्फाला भोक पाडून लांब फळी तिरकी आत सरकवायची, वर राहिलेल्या टोकावर मोगऱ्यांनी ताल धरायचा, आणि तो आवाज ऐकून स्टिन्टा मासे जाळ्याकडे येतात. का येतात, ते माशांना विचार म्हटलं.

हल्ली पोरं तंबू ठोकतात, यंत्रानं भोक पाडतात, पडद्यावर मासा बघतात. नाकापेक्षा मोती जड. आपल्या वेळी सरकारी मच्छीमार संघाच्या साहेबाची नजर चुकवून जायचं, आणि फळी तर मैलभर ऐकू जाणार! तरी साहेब कधी आला नाही. त्यालाही तळलेले स्टिन्टा आवडायचे. ताज्या माशांना काकडीचा वास यायचा आणि संध्याकाळी सगळं गाव काकडीसारखं घमघमायचं.

माझे बाबा घरात बसून नुसत्या तालावरून सांगायचे, ही श्वीले कुटुंबाची फळी, ही आपल्या शेजाऱ्यांची. म्हणून तर मुलींना धाक असायचा. लग्नाआधी वाजवायचं ते बापासाठी नाहीतर भावासाठी. परक्याच्या जाळ्यावर वाजवलं, की त्याच्याशी लग्न ठरलंच समजायचं. तुझ्या भावाचा हात मुरगळला होता त्या दिवशी तुझी जाळी सोडलेली, वाजवायला कुणी नाही, आणि मी आपणहून बसले. मनात काही नव्हतं असं मी घरी सांगितलं, ते खोटं होतं. परत आले तर शेजारची ट्रुडे दारातच उभी. "अगं, आता चर्चमध्ये लग्नासाठी नावं पुकारायची कशाला? अख्ख्या खाडीनं ऐकलंय!" बाबा नुसते हसले.

मग तुला सैन्यात नेलं, कुठे त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. पत्रं आली, कमी झाली, थांबली. योकुबासनं विचारलं, मी हो म्हटलं. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. चांगला माणूस होता, फक्त जाळं घाईनं ओढायचा. त्याच्या अंत्यविधीला तू खाडीच्या पलीकडून आलास, टोपी हातात घेऊन मागे उभा राहिलास, आणि नंतरच्या जेवणाला न थांबता, सूपही न घेता गेलास. त्याचा मला राग आला होता. अजून आहे.

तर माझं ठरलं. बूट, जाळी, घसरगाडी संग्रहालयानं खुशाल न्यावी. फळी आणि मोगऱ्यांचं अजून अर्धंच ठरलंय, कारण ते एकटीचं काम नाही. शनिवारी सकाळी, सगळं गाव बर्फावर असताना, मी जुन्या धक्क्यासमोर बसणार आहे. नवं जाळं मुलाकडून मागून घेतलंय. ते सांभाळायला तू येशील का? याचा अर्थ काय होतो, हे तुला माहीत आहे. ट्रुडेनं ऐंशी ओलांडली, पण कान शाबूत आहेत. दुपारपर्यंत गावभर होईल. होऊ दे. आडून आडून सुचवण्याचं वय माझं राहिलेलं नाही. तू आला नाहीस तर रविवारी फळीही देऊन टाकीन, आणि तुला पुन्हा लिहिणार नाही. आलास तर जाळं सावकाश ओढ.

इतकी वर्षं हा खालचा शब्द मी दुसऱ्या घरी दिलेला होता, आता मोकळा आहे, म्हणून लिहिते,
तुझीच
उर्टे